पाणी लागणं

सोहारच्या कॅम्पात पाणी लागतं ते तिसऱ्या दिवशी.
पहिले दोन दिवस माणूस घड्याळाशीच भांडत असतो,
दीड तास मागे, घरी आता काय चाललं असेल,
आणि तिसऱ्या रात्री संडासाबाहेर
सात जण रांगेत, आपण आठवे,
पोट धरून,
पायात कुणाच्या तरी चपला.

म्हणून सांगतो, रोहिदास, बस जरा.

वरची टाकी मीच धुतो, पगार त्याचाच.
जूनमध्ये झाकण उचललं की बोटं भाजतात,
आत पाणी चहाच्या आधणाइतकं,
तळाला हिरवी साय,
आणि एकदा एक कबूतर.
सुपरवायझर म्हणाला, क्लोरीन टाक.
टाकलं.
त्या पाण्याने आंघोळ कर, चड्डी धू.
दात घासायला मात्र कूलरचं घे.

कूलरला साखळीने बांधलेला स्टीलचा पेला आहे.
बंगाली, पठाण, मलबारी, आपण, सगळे त्याच पेल्याचे.
पेल्याला जात नसते, पण कावीळ असते.
तोंड लावू नकोस. वरून पी,
लहानपणी देवळात प्यायचास तसं,
अंगावर सांडलं तर सांडू दे, इथे लगेच वाळतं.

चौकातला शावर्मा खावासा वाटेल, वाटणारच.
सुरी जिथून उतरते तो थर काळपट हवा,
आणि लसणाची ती पांढरी चटणी
दुपारपासून उघडी आहे, तिला हात जोड.
बर्फ नको. बर्फ म्हणजे
कुणाचं तरी पाणी, नुसतं थिजलेलं.

मेसचा डबा पहाटे चारला भरतात,
आपण उघडतो बाराला.
मधले आठ तास तो बसच्या टपावर उन्हात.
आधी वास घे.
भात बोटाला तार सोडायला लागला
तर त्या जेवणावर पाणी सोड, खजूर खा, उपाशी राहा.
उपाशी माणूस कामावर जातो.
आजाऱ्याचा दिवस कापतात.

हे मला होडेकरचाचांनी सांगितलं.
दाभोळचा माणूस, बसरा, कुवेत, खोबर करत आलेला,
बारा गावचं पाणी प्यालेला,
आणि बाराही गावी आधी आडवा झालेला.
त्या रात्री मला भिंतीला टेकवून
त्यांनी उकळून गार केलेलं पाणी घेतलं, लिटरची बाटली.
चमचा सापडेना, म्हणून बाटलीच्या बुचाने मोजलं,
साखर सहा बुचं, मीठ अर्धं.
एक थेंब जिभेवर ठेवून म्हणाले,
डोळ्यातल्या पाण्याहून खारट नको.
ती चव इतकी पक्की कशी ठाऊक,
मी विचारलं नाही.

सकाळी इंदूचा फोन.
आवाज का असा?
एसी गं, म्हटलं, एसी फार गार इथला.

आता खरी गंमत ऐक.
दोन वर्षांनी रजेवर लांज्याला गेलो.
आईने बावीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला,
मी गटागटा प्यालो, डोळे मिटून,
इथे दोन वर्षं रोज आठवलेलं पाणी.
तिसऱ्या दिवशी मागच्या दारी
आठवा नव्हतो, पहिलाच होतो, रांगच नव्हती.
आई म्हणाली, आता आपलं पाणी बाधतं होय रे तुला?
रागाने नाही म्हणाली.
मी तिच्यासमोर अजून अर्धा तांब्या प्यालो
आणि संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन
सीलबंद बाटली घेतली, पिशवीत लपवून आणली.
इंदूने बघितली. बोलली नाही.
रात्री साखर-मीठ तिनेच कालवलं,
फार खारट झालं होतं, तरी प्यालो.

असो. दिवा मालव.
बाटली उशाशी ठेव, बूच घट्ट लाव.
रात्री उठलास तर मला हाक मार,
लाजू नकोस,
आणि चपला बघून घाल,
त्या कोपऱ्यातल्या माझ्या आहेत.